विश्लेषण : चुंबकत्व हा अतिसंवाहकतेचा शत्रू की सोबती?

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात एमआरआय काढताना रुग्ण ज्या बोगद्यात शिरतो, त्याभोवती बहुतेक यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमच्या तारांचे वेटोळे असते. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममुळे या तारांचा विद्युतरोध शून्य होतो. हीच अतिसंवाहकता, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी. पण हेलियम महाग आहे आणि भारताला तो आयात करावा लागतो. त्यामुळे इतकी थंडी न लागणारे पदार्थ हवे आहेत.

चुंबकत्वाशी वैर का?

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने चालतात. लोणंद-फलटण वाटेवरच्या दिंडीत टाळकरी एका ठेक्यात चालतात तसे. जोडीतील दोघांचे स्पिन सहसा परस्परविरुद्ध असतात. मध्ये चुंबकीय अणू आला की तो दोघांना सारखे वागवत नाही आणि जोडी फुटते. लँथेनममध्ये जेमतेम एक टक्का गॅडोलिनियम मिसळले तरी अतिसंवाहकता जवळपास संपते, हे १९५८ मध्ये दिसले होते.

मग १९७९ मध्ये काय घडले?

जर्मनीतील फ्रँक स्टेग्लिश यांच्या गटाला सिरियम, तांबे आणि सिलिकॉनच्या संयुगात अतिसंवाहकता आढळली. यातला प्रत्येक सिरियम अणू चुंबकीय! त्याच्या जागी अचुंबकीय लँथेनम घातले, तर अतिसंवाहकता उरत नाही. सिरियमशी गुंतल्याने यातले इलेक्ट्रॉन शेकडो पट जड असल्यासारखे वागतात. उसाने भरलेली गाडी चिखलातून ओढावी तसे. म्हणून हे ‘जड फर्मिऑन’ पदार्थ. तांब्याचे प्रमाण किंचित बदलले, तरी चुंबकीय रचना वरचढ ठरते. चुंबकत्व मोडण्याच्या बेतात असताना होणारी स्पिनची चुळबुळच इथे जोड्या जुळवते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

महाराष्ट्राचा वाटा काय?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना अतिसंवाहकता दाखवली. निकेल हा चुंबकीय धातू असल्याने हे अनपेक्षित होते. याच कुळातील एर्बियमच्या संयुगात तर चुंबकीय रचना आणि अतिसंवाहकता एकत्र नांदतात.

रुग्णालयांना फायदा कधी?

लगेच नाही. सिरियमचे ते संयुग सुमारे अर्ध्या केल्विनलाच अतिसंवाहक होते. म्हणजे हेलियमपेक्षाही जास्त थंडी लागते. मात्र चुंबकत्व जोड्या कधी फोडते आणि कधी जुळवते, हे उलगडले तर नवे पदार्थ अंदाजाने नव्हे, हिशेबाने शोधता येतील.