जुन्या शर्टाचा फ्रॉक

मैत्रिणींनो, शिवण शिकायला बसलं की नव्या कापडाला कात्री लावताना हात थरथरतो. कापड वाया गेलं तर पैसे गेले! म्हणून आम्ही गटात सांगतो, पहिली कात्री जुन्या कापडाला लावा. बाळंतिणीच्या खोलीत हे शहाणपण आधीपासून आहेच. तान्ह्याचं झबलं, दुपटं आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं करतात. धुऊन धुऊन त्याची खळ गेलेली असते, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं, आणि बाळाच्या अंगाला ते टोचत नाही.

पण सगळंच जुनं कापड कामाचं नसतं. ते उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरलंय. दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा. धागे सरकले की ते गोधडीत जाऊ द्या. साडी बसायच्या जागी आणि टाचेशी विरते, कमरेला खोचलेला भाग मात्र चांगला राहतो. शर्टाची कॉलर, बाह्यांची टोकं आणि काख जाते, पण पाठ-पोट शाबूत असतं. म्हणून आज शर्टाचा फ्रॉक, एक-दीड वर्षाच्या मुलीसाठी.

शर्ट सुती आहे का, हे आधी पाहायचं. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. नायलॉन, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. असं कापड घाम शोषत नाही, आणि चुलीपाशी पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. सुती कापडही पेटतं, पण चिकटत नाही. रांगत्या पोरीच्या अंगावर चकचकीत नायलॉन नकोच, मग मामाने आणलेलं असो की आत्याने.

आता कापणं. शर्ट धुऊन इस्त्री करा आणि बटणं लावूनच सपाट पसरा. मुलीला नीट बसणारा एक फ्रॉक त्यावर ठेवा, त्याचा मध्य बटणपट्टीवर आणा. गळा एखाद्या बटणाच्या पाऊण इंच वर येईल असा तो वरखाली सरकवा. साबणाच्या चिपटीने भोवती खूण करा. शिवणीला सगळीकडून अर्धा इंच जास्त, खाली दुमडायला दोन इंच जास्त. पोरगी वाढली की ती दुमड उसवून फ्रॉक लांब होतो. मग दोन्ही थर एकदम कापा. गळा मात्र आधी लहानच कापा. मोठा कधीही करता येतो. बटणांची बाजू फ्रॉकची पाठ होते. काजं आयती मिळाली! नवशिक्या बाईचं निम्मं अवघड काम तिथेच संपतं.

खांदे आधी जोडा. मशीन असेल तर टाका जरा लांब ठेवा, कारण बारीक टाक्यांनी जुनं कापड भोकं पडून फाटतं. हाताने शिवत असाल तर नुसता धावदोरा उसवतो. प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढा.

गळ्याला आणि मुंढ्याला पट्टी लावायची, ती बाह्यांच्या कापडातून. इथे बऱ्याच जणी सरळ पट्टी कापतात आणि गळ्याला चुण्या पडतात. वळणावर वाकते ती तिरकी पट्टी. कापडाचा कोपरा त्रिकोणी दुमडा, त्या घडीवर कापा, आणि त्याच कडेला धरून सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्या काढा. मग बाजूच्या शिवणी, शेवटी खालची दुमड.

पाठीला बटणं असली की डोकं सहज जातं. पण बंद झबलं शिवाल तेव्हा डोक्याचा घेर मोजूनच गळा ठरवा. वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण 18 इंच भरतं. गळ्याशी नाडी लावू नका. टिकल्या, मणी लावू नका, पोरं ती उपटून तोंडात घालतात. शर्टाची बटणंसुद्धा जुन्या दोऱ्यावर असतात, ती सगळी पुन्हा पक्की करा आणि ओढून पाहा. टाचण्या मोजून घ्या, मोजून डबीत ठेवा. मग फ्रॉक उलटा करून स्वतःच्या गालावर फिरवा. जिथे गाठ टोचेल तिथे ती उसवून पुन्हा घाला.