गोकुळधाममधील चोरटे घास

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही मालिका २००८पासून घरोघरी पाहिली जाते. पत्नीने लादलेले पथ्य चुकवून, संधी मिळताच शेजाऱ्यांकडील चमचमीत पदार्थांवर ताव मारणारे मेहता पाहून आमचे श्रीपूरही हसते. (साखर कारखान्याचे गाव, येथे पथ्य पाळणे कठीणच!) मात्र मधुमेही व्यक्ती हे गुपित डॉक्टरांपासूनही राखते, तेव्हा प्रकरण अवघड होते. एचबीएवनसी तपासणीत सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते, वाढीचे कारण कळत नाही. मग ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांची मात्रा वाढते. पुढे आषाढी एकादशीला तोच रुग्ण गोळी घेऊन निरंकार उपवास करतो. साखर उतरून घाम, थरथर, भोवळ येते. तो शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, उपवास मोडला तरी चालेल. शेजारी खाल्लेला शिरा मला अवश्य सांगावा. तो घरच्यांच्या कानी घालण्याचे काम माझे नव्हे.