वत्सगुल्म ते अजिंठा : आपल्या पायाखालची वाट

अजिंठ्याला आपल्या वाशीम जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे जातात. शाळांच्या सहली जातात, महिला मंडळांच्या गाड्या जातात. सोळा क्रमांकाच्या लेण्याच्या पायऱ्या चढून माणसे आत शिरतात, बुद्धमूर्तीपुढे हात जोडतात, चित्रे पाहतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. पण त्याच लेण्याच्या व्हरांड्याबाहेर, डाव्या हाताच्या भिंतीवर, झिजलेल्या अक्षरांचा एक शिलालेख आहे. त्याच्यापुढे क्षणभर थांबणारे फार थोडे. आपल्याच वाशीमला राज्य करून गेलेल्या राजांची नावे तिथे कोरलेली आहेत, हे ठाऊक असणारे तर त्याहून थोडे.

बंधू-भगिनींनो, आजचे हे चार शब्द त्यासाठीच. नुसती माहिती म्हणून नव्हे, तर पायात चपला घालून, पाठीवर भाकरीची पिशवी टाकून, मुलाबाळांसह त्या डोंगरात पायी हिंडून यावे म्हणून.

वाशीमचा ताम्रपट, अजिंठ्याची भिंत

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटक घराण्याची एक शाखा येथून राज्य करीत होती. तिचा मूळ पुरुष सर्वसेन आणि तिचा सर्वांत बलाढ्य राजा हरिषेण. या हरिषेणाचा मंत्री वराहदेव हा तथागतांचा उपासक. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यानेच अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले आणि भिक्खुसंघाला दान दिले.

हे कळले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. भिंतीवरची अक्षरे इतकी झिजली होती की एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी काही राजांची नावे चुकीची वाचली. पुढे १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. तो वत्सगुल्महून दिलेला होता आणि देणारा राजा होता सर्वसेनाचा मुलगा, दुसरा विंध्यशक्ती. त्या ताम्रपटाच्या आधाराने वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा शिलालेख पुन्हा वाचला, तेव्हा सर्वसेनाचे नाव जागेवर बसले आणि वत्सगुल्मच्या शाखेचा इतिहास उलगडला. वाशीमच्या मातीतून निघालेल्या तांब्याने अजिंठ्याचा दगड बोलता केला!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाशीमच्या ताम्रपटात ब्राह्मणांना गाव दिल्याची नोंद आहे. घराणे यज्ञयाग करणारे होते. त्याच घराण्याच्या चाकरीत असलेल्या वराहदेवाने मात्र डोंगर कोरून दिला तो संघाला, आणि शिलालेखात मागणे मागितले ते साऱ्या जगाच्या दुःखमुक्तीचे. राजाचा धर्म एक आणि मंत्र्याची श्रद्धा दुसरी, तरी दान अडले नाही.

डोंगरातले दुसरे लेणे

वराहदेवाचे दान एवढ्यावर संपत नाही. अजिंठ्याच्याच डोंगररांगेत, पश्चिमेकडे, जंजाळा गावाजवळ घटोत्कच लेणी आहेत. नाव महाभारतातल्या राक्षसाचे चिकटले असले तरी लेणी बुद्धाची आहेत. मोठा विहार, खांबांच्या रांगा, गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आणि भिंतीवर पुन्हा वराहदेवाच्या घराण्याचा शिलालेख. अजिंठ्याला राजांची वंशावळ, तर इथे मंत्र्याची.

पायी चालण्याची खरी मजा याच भागात आहे. सिल्लोडकडून उंडणगाव, अंभई करीत जंजाळ्याला रस्ता जातो. गावाजवळच्या पठारावर मध्ययुगातल्या जंजाळा किल्ल्याच्या तटबंदीचे आणि दरवाज्यांचे अवशेष विखुरले आहेत. तिथून पाऊलवाट दरीच्या कडेने लेण्याकडे उतरते. जवळच हळद्याच्या घाटात वेताळवाडीचा किल्ला उभा आहे. चांगले चालणारे तरुण किल्ला, गाव आणि लेणी एका दिवसात करतात. लहान मुले बरोबर असतील तर जंजाळा आणि लेणी एवढेच पुरे. गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. पठारावर वाटा फुटतात आणि गुरांची वाट कोणती, लेण्याची कोणती, हे नवख्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी अजिंठा. तिथेही गाडीतून उतरून थेट दारात जाऊ नये. लेण्यांच्या समोरच्या डोंगरावर व्ह्यू पॉइंट आहे. तिथून घोड्याच्या नालासारखी वळलेली वाघूर नदीची दरी आणि कड्यात ओळीने कोरलेली लेणी एका नजरेत दिसतात. मग पायऱ्यांनी नदीकडे उतरून, पूल ओलांडून लेण्यांत जावे. पावसाळ्याचे तीन महिने गावोगाव न फिरता एका जागी राहून अभ्यास करायचा, हा भिक्खूंचा वर्षावास. खाली वाहणारे पाणी आणि वर कोरडी लेणी पाहिली, की ही जागा का निवडली हे मुलांना पुस्तकाशिवाय समजते.

परदेशातल्या वाटा

फ्रान्स देशात अशा पाऊलवाटांची मोठी निगा राखतात. १९४७ पासून तिथे लांब पल्ल्याच्या वाटांवर झाडांना, दगडांना, कुंपणाच्या खांबांना पांढरा आणि लाल असे दोन पट्टे रंगवलेले असतात. पट्टे बघत बघत अनोळखी माणूसही चुकत नाही. ल प्वी गावापासून निघणारी एक वाट डोंगर-कुरणांतून काँक, फिझाक, काओर, म्वासाक अशा मध्ययुगीन गावांना जोडत स्पेनकडे जाते. मुळात ती ख्रिस्ती यात्रेकरूंची वाट. आज तिच्यावर कामगार, शिक्षक, निवृत्त माणसे सुट्टीत चार-आठ दिवस चालतात, वाटेतल्या साध्या निवासात मुक्काम करतात आणि पुढच्या वर्षी जिथे थांबले तिथून पुन्हा सुरू करतात. १९९८ साली युनेस्कोने फ्रान्समधल्या या यात्रामार्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आपल्या अजिंठ्याला तो मान त्यांच्या पंधरा वर्षे आधीच, १९८३ साली मिळाला. मान मिळाला, पण वाशीमहून अजिंठ्यापर्यंतचे हे नाते सांगणारे दोन पट्टे कुठे रंगवलेले नाहीत. ते आपणच आपल्या मुलांच्या मनावर रंगवायचे आहेत.

पाण्याचे टाके

डोंगर चढून गेले की पहिली आठवण होते पाण्याची. या डोंगरमुलुखात पाण्यावरून घडलेली एक गोष्ट प्रत्येक बौद्ध घरात सांगितली गेली पाहिजे.

१९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाने सारे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी टाके होते, त्याच्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले. एवढ्यावरून टाके बाटले म्हणून आरडाओरडा झाला आणि जमाव जमला. रमजानचा महिना, मुलूख निजामाचा. तिथे धर्म वेगळा होता, पण शिवाशिवीची रीत तीच होती. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यासाठी हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांत शिकून आलेल्या बॅरिस्टरमागे पाणी राखायला शिपाई! महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे.

आता पुन्हा अजिंठ्याच्या त्या भिंतीकडे या. वराहदेवाने आपल्या लेण्याचे वर्णन करताना खिडक्या, दारे, चित्रे सांगितली आणि त्याबरोबर पाण्याचा मोठा साठाही सांगितला. दान देताना पाणी विसरायचे नाही, ही बुद्धाच्या उपासकाची समज पाचव्या शतकातली. पाण्यावर पहारा बसवणारी समज विसाव्या शतकातली. काळ पुढे गेला म्हणून माणूस पुढे गेला असे होत नाही, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

निघण्यापूर्वी

चालण्याची सवय घरापासून लावावी. एखाद्या रविवारी कारंजा हे जुने शहरच पायी पाहावे. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ, पोहा ही तिथल्या वेशींची नावे. कोणत्या वेशीतून कोणती वाट निघत असे, हे नावातूनच मुलांना ओळखू द्यावे.

अजिंठ्याला वाशीमहून मेहकर, चिखली, बुलडाणा असे एस.टी.ने जाता येते. नाही तर रेल्वेने अकोल्यामार्गे जळगाव आणि तिथून बस. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा घरातल्या बायाबापड्यांना मागे ठेवू नये. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशाचे तिकीट लागत नाही. पाऊस सरल्यावर, वर्षावास संपल्यानंतरचे दिवस चालायला सर्वांत बरे. उन्हाळ्यात दगड तापतो आणि ओढे आटतात.

पाणी घरून भरून न्यावे, माणशी दोन लिटर तरी. भाकरी, चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे पुरतात. लेण्यात वंदना हळू आवाजात घ्यावी. मेणबत्ती, अगरबत्ती पेटवू नये, कारण धुराने चित्रे काळवंडतात. भिंतीला हात लावू नये आणि नाव तर मुळीच कोरू नये. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले आहे. त्याला वाटले, लेणी आपल्याला सापडली. वराहदेवाचे नाव त्याआधी तेराशे वर्षे तिथे होते.

सोळाव्या लेण्यापाशी आलात की डावीकडच्या भिंतीपुढे मुलांना पाच मिनिटे उभे करा. अक्षरे वाचता येणार नाहीत, हरकत नाही. एवढेच सांगा, की बाळांनो, हे दान आपल्या वाशीमच्या दरबारातून आले आहे. मग पिशवीतली बाटली काढा आणि लेण्यांच्या आवाराबाहेर सावलीत बसून सगळ्यांनी मिळून पाणी प्या. ज्या पाण्यासाठी बाबासाहेबांमागे शिपाई चालला, ते आपली लेकरे कुणाला न विचारता पितात. ही वाट कुणी चालून दिली, हे त्यांना तिथेच समजेल.