एका दालनाचा बेत

मुंबईत पाहुणे आले की काळा घोड्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवायला नेतात, आणि बेत बहुधा एकच असतो: सगळे पाहून यायचे. शिल्पे, लघुचित्रे, चिनी मातीची भांडी, शस्त्रे, पेंढा भरलेले पक्षी असे सारे भराभर उरकले जाते. शेवटी पाय बोलू लागतात आणि डोळे काही टिपेनासे होतात. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी या थकव्यावर १९१६ सालीच लेख लिहिला होता. वाकून, उकिडवे बसून कपाटांत डोकावणाऱ्या माणसाची छायाचित्रेच त्यांनी सोबत छापली.

म्हणून घरून निघतानाच एखादे, फार तर दोन दालने ठरवून जावे.

सुरुवात मात्र बाहेरून, बागेतूनच करावी. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांची ही इमारत १९१४ साली पुरी झाली, पण महायुद्धात तिचे लष्करी रुग्णालय झाले आणि लोकांना ती १९२२ मध्ये खुली झाली. घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देतो. आतले काही कोरीव लाकूडकाम नाशिकच्या एका वाड्यातले आहे. इमारत हाच इथला पहिला आणि सर्वांत मोठा नमुना.

लघुचित्रांसाठी सकाळची ताजी नजर राखून ठेवावी. अकबराच्या चित्रशाळेत सजलेल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ची पाने या संग्रहात आहेत. पंचतंत्रातल्या प्राण्यांच्या गोष्टी फारसीत गेल्या, त्यांचे हे रूप. अशा चित्रांच्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कारण प्रकाशाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. आत शिरल्यावर दोन मिनिटे नुसते थांबावे. डोळे सरावले की पानांच्या शिरा, मोराची पिसे, कपड्यांवरची बुट्टी दिसू लागते. मुलांना ‘या चित्रात प्राणी किती?’ एवढे विचारले तरी ती एका चौकटीपुढे रमतात.

दुसरे दालन शिल्पांचे. तिथे घारापुरीहून आलेली सहाव्या शतकातली शिल्पे आहेत, आणि घारापुरीची लाँच सुटते ते गेटवे इथून चालत काही मिनिटांवर. गेटवेही विटेट यांचेच. संग्रहालयाची वेळ आणि तिकिटाचे दर त्याच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात; दोन्ही जोडून पाहायची तर दुसरा वार धरावा.