तुरुंग आणि लोकारोग्य : ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींचा अनुभव

ऑस्ट्रेलियात 1987 साली एक शाही चौकशी आयोग नेमण्यात आला. पोलीस कोठडीत आणि तुरुंगांत त्या देशाच्या मूलनिवासींचे मृत्यू वारंवार घडत होते व त्याविषयी लोकांत तीव्र असंतोष पसरला होता. 1980 च्या आरंभापासून 1989 च्या मे अखेरपर्यंत झालेल्या 99 मृत्यूंची आयोगाने एकेक करून चौकशी केली. त्यांपैकी 63 मृत्यू पोलीस कोठडीत, 33 तुरुंगात आणि 3 बालबंदिगृहांत झाले होते. सर्वांत मोठा गट आजाराने मरण पावलेल्यांचा होता. अशा व्यक्ती 37 होत्या.

1991 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात एक निष्कर्ष असा होता, की तो वाचून पुष्कळांना नवल वाटले. कोठडीत पडलेला मूलनिवासी हा कोठडीत पडलेल्या इतर माणसापेक्षा अधिक प्रमाणात मरत नव्हता. तर मग मृतांत मूलनिवासींची संख्या एवढी मोठी का? याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. समजा, एकाच नावेने दोन गावांचे लोक नदी ओलांडतात आणि दर हजार फेऱ्यांमागे एक माणूस बुडतो. दोन्ही गावांना धोका सारखाच. परंतु एका गावाच्या माणसांना वर्षातून एकदा नदी ओलांडावी लागत असेल आणि दुसऱ्या गावाच्या माणसांना रोज, तर रडारड दुसऱ्याच गावात अधिक ऐकू येईल. नाव दुरुस्त करणे अवश्य आहेच, पण खरा प्रश्न आहे तो त्या गावाला रोज नदी का ओलांडावी लागते, हा. आयोगाने 339 शिफारशी केल्या. त्यांतील कित्येक नावेच्या दुरुस्तीविषयी होत्या, तर कित्येक या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

दुसऱ्या प्रश्नाचे काय झाले, ते आकडे सांगतात. 1991 साली ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांत मूलनिवासी शेकडा 14 होते. 2024 साली ते शेकडा 36 झाले. देशाच्या लोकसंख्येत मात्र त्यांचे प्रमाण शेकडा 4 हूनही थोडे कमीच आहे. जनगणनेत स्वतःची मूलनिवासी म्हणून नोंद करणारांची संख्या या काळात वाढली हे खरे. पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. आयोगाच्या अहवालानंतर कोठडीत मरण पावलेल्या मूलनिवासींची संख्या आज 500 च्या पुढे गेली आहे.

या माणसांना तुरुंगात नेणारे अपराध बहुधा भयंकर असतील, असा वाचकांचा समज होणे शक्य आहे. काही अपराध गंभीर असतात, हे नाकारता येत नाही. परंतु पुष्कळांच्या बाबतीत कारण असते न भरलेला दंड, परवान्याविना चालवलेली मोटार, किंवा जामिनाच्या एखाद्या अटीचा भंग. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात 2020 सालापर्यंत दंड न भरणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची प्रथा सर्रास चालू होती. 2014 साली तेथे 22 वर्षांच्या एका मूलनिवासी तरुणीला न भरलेल्या दंडापायी कोठडीत ठेवण्यात आले. तिची बरगडी पूर्वी मोडली होती व तेथून जंतुसंसर्ग रक्तात पसरत होता. तिला दोनदा रुग्णालयात नेऊन परत कोठडीत आणण्यात आले. ती सोंग करते आहे, असे पोलिसांना वाटत होते. तिसऱ्यांदा नेले तेव्हा ती मरण पावली. तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. अनेक मूलनिवासी समाजांत मृत व्यक्तीचे नाव उच्चारू नये असा संकेत आहे आणि तो पाळणे उचित होय.

आजार आणि तुरुंग यांचा संबंध मात्र कोठडीच्या दाराशी सुरू होत नाही. तो कित्येकदा पाळण्यात सुरू होतो. दूरच्या वस्त्यांतील मूलनिवासी अर्भकांना जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच मध्यकर्णाचा दाह जडतो. लहानशा घरात पुष्कळ माणसे, पाण्याची व स्वच्छतेची अपुरी सोय, यांमुळे जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो, पडदा फुटतो, कान वर्षानुवर्षे वाहत राहतो. ज्या वयात मूल शब्द ऐकून भाषा शिकते, नेमक्या त्याच वयात त्याला शब्द नीट ऐकू येत नाहीत. पुढे शाळेत ते मागे पडते, आणि शिक्षकांच्या लेखी ते हट्टी किंवा मंद ठरते. मोठेपणी पोलिसाने हटकले असता त्याला आज्ञा ऐकू येत नाही व ते मुकाट उभे राहते. पोलीस समजतो की हा उद्धटपणा आहे. नॉर्दर्न टेरिटरीतील तुरुंगांत मूलनिवासी कैद्यांच्या श्रवणशक्तीची तपासणी करून 2012 साली निष्कर्ष मांडण्यात आले, तेव्हा तपासलेल्या दर दहा कैद्यांपैकी नऊंहून अधिक जणांच्या श्रवणशक्तीत लक्षणीय दोष आढळला.

यात भाषेची अडचण मिसळते. पुष्कळांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते. वडीलधाऱ्या किंवा अधिकारी माणसाच्या डोळ्याला डोळा न भिडविणे ही त्यांच्याकडे आदराची रीत. न्यायालयात तीच अपराध्याची खूण मानली जाते. प्रश्न कळला नाही तरी 'होय' म्हणून मोकळे होण्याची सवय तर अधिकच घातक आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 सालीच पोलिसांच्या चौकशीसाठी नियम घालून दिले होते, त्यांत दुभाष्याची आवश्यकता स्पष्ट सांगितली होती. नियम चांगले होते, पण बहिऱ्या माणसाला दुभाष्याचाही फारसा उपयोग होत नाही!

कानाप्रमाणेच मेंदूचाही विचार करावा लागतो. 2018 साली वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील बालबंदिगृहातील 99 मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुसंख्य मुले मूलनिवासी होती. शेकडा 36 मुलांना गर्भावस्थेत मातेच्या मद्यसेवनामुळे होणारा विकार असल्याचे आढळले. त्यांपैकी दोघेच वगळता कोणाच्याही विकाराचे निदान पूर्वी झालेले नव्हते. आज्ञा स्मरणात न राहणे व परिणामाचा अंदाज न येणे, ही या विकाराची लक्षणे आहेत. जामिनाच्या अटी मोडण्याला याहून अधिक काय लागते?

तुरुंगात गेल्यावर आरोग्याची घडी आणखी विस्कटते. कैदी होताच माणूस राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कक्षेबाहेर जातो व त्याच्या उपचाराचा भार राज्य सरकारावर पडतो. मधुमेहाचे वा हृदयविकाराचे औषध पूर्वी कोण देत होते, याचे कागद मागून येतात किंवा येतच नाहीत. शिक्षा अल्प मुदतीची असेल तर उपचार सुरू होतो न होतो तोच सुटका होते. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे विशेष धोक्याचे असतात. मादक पदार्थांची सवय मोडलेल्या शरीराला पूर्वीची मात्रा सोसत नाही व त्यात मृत्यू ओढवतात. एका सुईने अनेकांनी टोचून घेण्यामुळे हेपॅटायटिस सी हा यकृताचा रोग तुरुंगात पसरतो आणि सुटलेल्या माणसांबरोबर वस्तीत येतो. मात्र याच बाबतीत एक चांगली गोष्टही नोंदविली पाहिजे. 2016 पासून या रोगावरील नवी औषधे कैद्यांनाही सरकारी खर्चाने मिळू लागली, आणि तुरुंग हेच त्या रोगाच्या उपचाराचे एक प्रमुख स्थान बनले.

बाहेर राहिलेल्यांचे काय? आई तुरुंगात गेली की घर सुटते व मुले सरकारी संगोपनात जातात. आयोगाने तपासलेल्या 99 मृतांपैकी 43 जणांना बालपणी सरकारने कुटुंबापासून दूर नेलेले होते. ज्या साम्राज्याने आपल्याकडे 1871 साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला, त्याच साम्राज्याच्या ऑस्ट्रेलियातील वसाहतींत मूलनिवासींचे विवाह, मजुरी आणि मुले सरकारी 'संरक्षका'च्या हुकमतीखाली गेली. आपल्याकडील कायदा 1952 साली देशभर रद्द झाला, पण अशा कायद्याची छाया तो रद्द झाल्यावरही किती काळ रेंगाळते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगणे नको.

2020 साली ऑस्ट्रेलियाच्या सर्व सरकारांनी मूलनिवासी संघटनांशी करार करून प्रौढ मूलनिवासींच्या तुरुंगवासाचे प्रमाण 2031 पर्यंत निदान शेकडा 15 ने घटविण्याचे ठरविले. त्यानंतर हे प्रमाण वाढलेलेच दिसते. न्यू साउथ वेल्समधील बर्क या लहानशा गावात मात्र मूलनिवासींनी स्वतःच्या पुढाकाराने 'मरांगुका' हा उपक्रम चालविला. मोटार चालविण्याचा परवाना मिळविण्यास जन्माचा दाखला लागतो आणि तोच पुष्कळांपाशी नव्हता. म्हणून तो मिळवून देण्यापासून आरंभ झाला. पोलीस व पुढारी दर सकाळी भेटून, आदल्या दिवशी कोणत्या घरी भांडण झाले, कोणते मूल शाळेत गेले नाही, याची चर्चा करू लागले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात पोलिसांकडे नोंदलेले घरगुती हिंसेचे प्रसंग शेकडा 23 ने आणि कोठडीत गेलेले दिवस शेकडा 42 ने घटल्याचे दिसून आले.