विश्लेषण : जुन्या टॅब्लेटसाठी कर्नल बांधताना कंपायलर कोणता निवडावा?

जुना टॅब्लेट भंगारात देण्याऐवजी त्यावर नव्याने लिनक्स चालवणे हा प्रकल्प शहापूर, मुरबाडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला घरच्या लॅपटॉपवरही करता येतो. सोर्स कोड आणि साधने मोफत मिळतात. मात्र कंपायलर चुकला तर काम मध्येच अडते किंवा टॅब्लेट सुरूच होत नाही. म्हणून ही निवड समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

क्रॉस-कंपायलिंग म्हणजे काय?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी, प्रोसेसर, स्क्रीन यांचा कारभार तोच पाहतो. त्याचा मुख्यतः सी भाषेतील कोड प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत बदलण्याचे काम कंपायलर करतो. लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो, तर टॅब्लेटमध्ये आर्म रचनेचा. लॅपटॉपवर आर्मसाठी कर्नल बांधणे म्हणजे क्रॉस-कंपायलिंग. शहापूरचा शिंपी मुरबाडच्या गिऱ्हाइकाचा सदरा शिवतो, तेव्हा माप गिऱ्हाइकाचे लागते. इथेही तसेच आहे.

‘आकाश’चे उदाहरण काय सांगते?

‘आकाश-2’ टॅब्लेटचे अनावरण नोव्हेंबर 2012 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते झाले. त्यात आर्म रचनेचा ऑलविनर ए13 प्रोसेसर आणि 512 एमबी मेमरी होती. प्रकल्पाची जबाबदारी सांभाळणाऱ्या पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ गटाने या अँड्रॉइड टॅब्लेटसाठी ग्नू/लिनक्सही तयार केले. एवढ्या कमी मेमरीच्या टॅब्लेटवरच कर्नल बांधत बसणे व्यवहार्य नसते. अशा वेळी मोठ्या संगणकावरचा क्रॉस-कंपायलरच कामी येतो.

जीसीसी की क्लँग?

जीसीसीची सुरुवात 1987 मध्ये झाली आणि लिनक्स पहिल्यापासून त्यावरच बांधले गेले. त्यात प्रत्येक प्रोसेसर-रचनेसाठी वेगळा कंपायलर बसवावा लागतो. क्लँग हा एलएलव्हीएम प्रकल्पाचा भाग. एलएलव्हीएमच्या निर्मात्यांपैकी विक्रम आडवे हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. एकच क्लँग अनेक रचनांसाठी कोड तयार करतो. गुगलने 2017 च्या पिक्सेल-2 फोनचा कर्नल क्लँगने बांधला होता. त्यामुळे अलीकडच्या अँड्रॉइड कर्नलसाठी क्लँग आणि जुन्या कर्नलसाठी जीसीसी, असा ढोबळ नियम धरता येतो.

नवी आवृत्ती अधिक चांगली नाही का?

नेहमीच नाही. जुन्या कर्नलमध्ये जीसीसीच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीसाठी वेगळी फाइल असे. 2015 मध्ये जीसीसी 5 आल्यावर ती फाइल नसलेले कर्नल बांधताना अडू लागले. उलट, नव्या कर्नलला फार जुना कंपायलर चालत नाही. लिनक्स 5.15 साठी किमान जीसीसी 5.1 लागतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कर्नल बांधताना दोन कंपायलर काम करतात. एक टॅब्लेटसाठी, तर दुसरा लॅपटॉपवरच चालणारी मदतनीस साधने तयार करण्यासाठी. 2020 मध्ये जीसीसी 10 आल्यानंतर जुने कर्नल या दुसऱ्या कंपायलरमुळे अडले. क्रॉस-कंपायलर कितीही बदलला तरी अशी चूक सुटत नाही.

नावातील ‘एचएफ’चे काय?

32-बिट आर्मच्या काही कंपायलरांच्या नावाशेवटी ‘एचएफ’ असते. दशांश आकडेमोडीच्या किमती फंक्शनला कशा पोहोचवायच्या, त्याच्याशी त्याचा संबंध आहे. कर्नल साधारणपणे अशी आकडेमोड टाळतो, म्हणून त्याच्यापुरता फरक पडत नाही. टॅब्लेटवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मात्र ही निवड अचूक हवी.

सुरुवात कुठून करावी?

आधी टॅब्लेटचा प्रोसेसर 32-बिट आहे की 64-बिट, ते पाहावे. टॅब्लेट चालू असेल तर ‘प्रॉक’ फोल्डरमधील ‘व्हर्जन’ फाइल वाचावी. मूळ कर्नल कोणत्या कंपायलरने बांधला, हे त्यात लिहिलेले असते. शक्यतो त्याच मालिकेतील आवृत्ती घ्यावी. कर्नल आणि त्याचे मोड्यूल एकाच कंपायलरने बांधावेत. आणि मूळ कर्नलची प्रत जपून ठेवल्याशिवाय टॅब्लेटला हात लावू नये.