चष्मा आपला, किल्ली कुणाची?

मिक्सर धडधाकट, पण कंपनीने त्याची भांडीच बंद केली, म्हणून तो माळ्यावर गेला. पुसदच्या घराघरांत हे घडतं. डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या चष्म्यांचंही तसंच. फेसबुक कंपनीने २०१८ साली ‘ऑक्युलस गो’ आणला आणि २०२० मध्ये त्याची विक्री थांबवली. मात्र २०२१ मध्ये, यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रणालीचं कुलूप तिने काढून दिलं. प्रणाली खुली असली, की कंपनीने हात वर केले तरी दुसरा जाणकार ती सुधारून यंत्र चालतं ठेवू शकतो. तेव्हा मुलांच्या हट्टापायी असा चष्मा घ्यायची वेळ आलीच, तर किंमत नि गॅरंटीबरोबर एवढंही विचाराच : ‘उद्या कंपनीने पाठ फिरवली, तर याची किल्ली आम्हाला मिळेल ना?’